कार्बोरेटर फुंकणारा मिस्त्री

थंड गाडीशी बोलायचं नाही, असा मिस्त्रीचा नियम होता. गाडीशीच काय, गाडीजवळ उभं राहून आपसातही बोलायचं नाही. पहाटे पाचला, जानेवारीच्या धुक्यात, आम्ही नऊ बाप्ये नऊ मोटरसायकलींशेजारी शाळेतल्या पोरांसारखे गप्प उभे. मिस्त्री एकेका गाडीपाशी येणार, पेट्रोलचा कॉक उघडणार, चोक ओढणार आणि चावी बंद ठेवून दोन किका मारायला लावणार. या दोन ‘मुक्या’ किका. तिसरी चावी लावून. तिसऱ्या किकेला गाडी उठली नाही तर तो गाडीकडे बघायचाच नाही, आमच्या तोंडाकडे बघायचा. काल संध्याकाळी आपण काहीतरी पाप केलंय हे त्याला कळलेलं असायचं. आणि च्यायला, बहुतेक वेळा केलेलं असायचंच.

कतारमध्ये थंडी असते, हे आमच्याकडे कुणाला पटत नाही. मी कराडकडचा. सुट्टीवर आलो की लोक विचारायचे, काय, भाजून निघाला असशील? मी म्हणायचो, अरे बाबांनो, पहाटे दात वाजतात तिथं. ते हसायचे. शेवटी मी सांगणं सोडून दिलं. समुद्राकडून धुकं यायचं, वाळूवर दव पडायचं, आणि दिवसभर तापलेलं सगळं लोखंड रात्रीत गार पडायचं. गाडीच्या सीटवर हात फिरवला तर तळवा ओला व्हायचा. त्यात तिथली रेती, पिठासारखी बारीक, कुठून आत शिरेल सांगता यायचं नाही. उन्हाळ्यात रेती आणि हिवाळ्यात दव, असा बारा महिने कार्बोरेटरचा छळ चालायचा.

आमचा कॅम्प अबू हमूरच्या पलीकडे होता. आता तिथं बंगले आणि मॉल झालेत म्हणे. आमच्या वेळी, म्हणजे सत्तर साल उलटल्यावर पाच-सहा वर्षांनी, तिथं वाळू, आमच्या पत्र्याच्या खोल्या आणि एक पाण्याची टाकी. कंपनी पाइपलाइनची कामं घ्यायची. साइटी मेसईदपर्यंत पसरलेल्या. मी टाइमकीपर. कोण किती तास कामावर होता त्याचे कागद गोळा करून सहाच्या आत साइटवरच्या ऑफिसात पोचवायचे, हे माझं काम. साइटवर टेलिफोन नव्हते. निरोप्ये, स्टोअरकीपर, टाइमकीपर असे आम्ही नऊ जण मोटरसायकलवर हिंडायचो, आणि त्या नऊ जपानी गाड्यांचा एकच मालक, हा मिस्त्री. कागदोपत्री मालक कंपनी. पण मिस्त्रीला तसं कुणी सांगायच्या भानगडीत पडत नसे.

मिस्त्री दापोली तालुक्यातला कोकणी मुसलमान. पन्नाशीचा, सडपातळ, खालचा ओठ कायम फाटलेला. ओठ फाटण्याचं कारण पेट्रोल. कार्बोरेटरमध्ये जेट म्हणून एक पितळेची बारीक नळी असते, तिच्या केसाएवढ्या भोकातून पेट्रोल इंजिनात जातं. त्या भोकात कचरा बसला की गाडी मेली. वर्कशॉपमध्ये हवा मारायचा पंप होता, पण मिस्त्री तो वापरायचा नाही. जेट ओठांत धरायचा, डोळे मिटायचा आणि फुंकायचा. मग उजेडाकडे धरून बघायचा. परत फुंकायचा. पंप का नाही वापरत, म्हणून मी एकदा विचारलं.

"पंपाला काय कळतां?" तो म्हणाला. "कचरा निघाला की ओठाला कळतां."

दिवसभर तोंडात पेट्रोल. चहा पिताना म्हणायचा, आज पेट्रोलमध्ये पाणी आहे, टँकरवाल्याला सांगा. आम्ही हसायचो. दोन दिवसांनी कंपनीच्या टाकीतून खरंच तळाचं पाणी काढायला लागायचं. जेवायला बसण्याआधी तो मिठाच्या पाण्यानं इतक्या गुळण्या करायचा की मेसमधले लोक ताटं घेऊन लांब बसायचे.

त्याच्या खिशात दोन वस्तू नेहमी असायच्या, एक प्लगचा पाना आणि एक ग्लुकोज बिस्कीट. बिस्कीट खायला नव्हे. प्लग काढला की तो बिस्किटाशेजारी धरायचा. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर गाडी ठणठणीत. काळं असलं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरट असलं तर कमी. नवा माणूस आला की मिस्त्री त्याला पहिल्या दिवशी हे बिस्कीट दाखवायचा. एकदा एका नव्या स्टोअरकीपरनं ‘थँक्यू’ म्हणून ते खाऊन टाकलं. मिस्त्री त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

आणि ढकलणं! ते तर आठवलं तरी अजून पोटऱ्या दुखतात. मिस्त्रीचा हुकूम असा की संध्याकाळी परत येताना पाण्याच्या टाकीपाशी पेट्रोलचा कॉक बंद करायचा. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल इंजिन पिऊन टाकायचं आणि गाडी फाटकाच्या दीडशे पावलं अलीकडे मरायची. पुढं ढकलत आणायची. वाटीत शिळं पेट्रोल राहिलं की ते उडून जातं, तळाला चिकट राळ धरते आणि त्यात रेती बसते. वाटी कोरडी असली की सकाळी ताजं पेट्रोल येतं, असं त्याचं शास्त्र. शास्त्र बरोबर होतं, कुणी नाही म्हणत नाही. पण बारा तास राबून आल्यावर, रस्त्याच्या पलीकडच्या कंपनीचे लोक चहाचे ग्लास हातात घेऊन बघतायत आणि आपण चालू गाडी मुद्दाम मारून ढकलत आणतोय, हे शास्त्र फार जड जायचं. ते लोक आम्हाला ‘धक्का कंपनी’ म्हणायचे. एखादा चुकार थेट फाटकापर्यंत गाडीवर बसून आला, तर मिस्त्री फाटकात उभाच.

"परत जा. टाकीपर्यंत जा. तिथनां कॉक बंद करून ये."

"मिस्त्री, थकलोय हो."

"ती पण थकली. तिचा पोट साफ कोण करणार, तुझा बाप?"

जायला लागायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात कॅम्पमध्ये कांबळ्यांची बोंब झाली. मजुरांना द्यायची नऊ कांबळी स्टोअरमधून गायब. कॅम्पबॉस मंगलोरचा, कडक माणूस. त्यानं खोल्या उलट्यापालट्या केल्या, पेट्या उघडायला लावल्या. शेवटी कुणीतरी त्याला गाड्यांच्या शेडमध्ये नेलं. नऊ गाड्या नऊ कांबळी पांघरून उभ्या! आणि मिस्त्री स्वतः बाजूच्या बाकावर एका जुन्या कोटात गुडघे पोटाशी घेऊन झोपलेला.

"मिस्त्री, ये क्या है?"

"कंबल है."

"कंबल आदमी के लिए है!"

"आदमी उठके चाय पी लेगा," मिस्त्री शांतपणे म्हणाला. "ये क्या पिएगी?"

कॅम्पबॉसला हसू आवरेना. कांबळी गाड्यांकडेच राहिली.

आता हे सगळं सांगताना मजा वाटते, पण मिस्त्रीचं दुसरं एक खातं माझ्याकडे होतं. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. आकडे तेवढे यायचे, कारण जेटवर आकडे असतात. त्याच्या बायकोला मात्र चौथीपर्यंतची शाळा झाली होती, आणि ती स्वतःच्या हातानं मराठीत पत्रं लिहायची, मोठ्या अक्षरात, ओळीच्या वर-खाली जात. ती पत्रं मी वाचून दाखवायचो. भाभींना मी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या शेळीला काय झालं, विहिरीचं पाणी कितव्या पायरीवर गेलं, गुडघ्याला कुठलं तेल लावलं, हे सगळं मला पाठ. माझ्या घरून पत्र आलं तर त्यात खुशाली आणि मागण्या. खरं सांगायचं तर मी भाभींच्या पत्रांची वाट बघायचो.

प्रत्येक पत्रात शेवटी एकच ओळ असायची, ‘तुम्ही कधी येता ते कळवा.’

मिस्त्री सात वर्षांत एकदा गेला होता. तोही वीस दिवस. हिवाळा आला की मला सांगायचा, "लिही, थंडी सरली की येतो. थंडीत गाड्या टाकून कसा येणार?" थंडी सरली की वादळी वारा सुरू व्हायचा, जेटमध्ये रेती. "लिही, वारा पडला की येतो." वारा पडेपर्यंत परत थंडी. मी लिहायचो. लिहून लिहून मलाच लाज वाटायला लागली. एकदा भाभींनी लिहिलं, ‘तुमच्या गाड्यांना माझा सलाम सांगा. त्यांचं नशीब.’ मी ती ओळ वाचली. मिस्त्रीनं ती परत वाचायला सांगितली. परत वाचली. तो उठला आणि शेडमध्ये निघून गेला. दोन दिवस त्यानं कुणाला शिवी दिली नाही, म्हणजे बघा.

मग मीच त्याच्या मागे लागलो. म्हटलं, मिस्त्री, दोन महिने जाऊन या. गाड्या मी बघतो. तुमच्या हाताखाली चार वर्षं काढलीत, मला काय येत नाही?

"तू घाटी," तो म्हणाला. "तुझ्या हातात जोर आहे. कार्बोरेटरला जोर चालत नाय."

"शिकवा की मग."

महिनाभर त्यानं मला शिकवलं. आणि साहेबाकडे सुट्टी मागितली. ट्रान्सपोर्टचा साहेब इंग्रज होता. माणूस वाईट नव्हता, पण त्या गाड्यांना विटला होता. त्यानं माझ्यादेखतच सांगितलं, मीच ते मिस्त्रीला उलगडून सांगितलं. साहेबाचं म्हणणं होतं, मला खरं तर पिकअप घ्यायच्यात, तू आहेस म्हणून गाड्या चालतायत, म्हणून मी थांबलोय. तू परत येईपर्यंत गाड्या चालल्या तर तू आणि गाड्या दोघंही राहाल. बंद पडल्या तर मी त्या विकणार, आणि गाड्या नाहीत तर मोटरसायकलचा मिस्त्री ठेवून काय करू?

मिस्त्री ऐकत होता. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ऐकलांस ना? आता माझी भाकरी तुझ्या फुंकरीवर."

विमानतळावर त्यानं मला एकच गोष्ट चौदा वेळा सांगितली. जेटमध्ये तार घालायची नाही. तुंबला तर फुंक. नाही निघाला तर पेट्रोलमध्ये बुडवून ठेव, दुसऱ्या दिवशी फुंक. तरी नाही निघाला तर तिसऱ्या दिवशी. पितळ मऊ असतं. तारेनं भोक चरतं, आणि एकदा चरलेलं भोक परत लहान होत नाही.

"कळलां?"

"कळलं हो."

"काय कळलां?"

"तार घालायची नाही."

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि आत गेला. वळून परत आला. "पाच नंबरच्या गाडीचा चोक अर्धाच ओढ."

पहिला महिना मी देवपूजेसारखं सगळं केलं. पहाटे चारला उठून कांबळी काढायची, दोन मुक्या किका, संध्याकाळी फाटकात उभं राहून लोकांना परत टाकीपर्यंत पाठवायचं. शिव्या खाल्ल्या. वर माझं स्वतःचं काम होतंच, ते कुणी कमी केलं नव्हतं. दिवसभर मेसईद आणि रात्री जेट. माझेही ओठ फाटले. जेवणाला चव राहिली नाही. झोप तर विचारूच नका, उभ्या उभ्या डोळा लागायचा.

आणि एके दिवशी तीन नंबरची गाडी उठेना. जेट काढला, फुंकला. काही नाही. पेट्रोलमध्ये बुडवला, दुसऱ्या दिवशी फुंकला. काही नाही. त्या गाडीवरचा निरोप्या दोन दिवस पायी. साहेब येऊन घड्याळाकडे बघून गेला. तिसऱ्या पहाटे मी तो जेट हातात घेऊन शेडमध्ये बसलो होतो. समोर क्लचची तुटलेली वायर पडली होती, तिचे धागे सुटलेले. एक धागा उचलला. मनात म्हटलं, एकदाच. हळूच. दोनदा आतबाहेर केला, पिवळट कण बाहेर पडला आणि भोकातून लख्ख उजेड दिसला.

गाडी पहिल्या किकेला उठली. पहिल्या! मुकी किक मारायलाही लागली नाही. आणि अशी गरजली की बाकीचे आठ जण बघायला लागले. थंडीत गाडीला पेट्रोल जास्तच लागतं, आणि भोक मोठं झाल्यामुळे ते जास्तच येत होतं, हे आता समजतं. तेव्हा मला वाटलं, हात्तिच्या! एवढ्याचसाठी हा माणूस सात वर्षं ओठ फाडून घेत होता? दहा मिनिटांचं काम!

बाकीचे लोक म्हणाले, आमच्याही गाडीला कर की. मी केलं. त्या आठवड्यात नऊच्या नऊ. आता सगळ्या पहिल्या-दुसऱ्या किकेला उठायच्या. मग ढकलायचं तरी कशाला? तेही सोडलं. लोक गाडीवर बसून ऐटीत फाटकातून आत यायला लागले. मला चहा पाजायला लागले. पलीकडच्या कंपनीचे लोक म्हणाले, धक्का कंपनी खलास! मी पहाटे तास-दीड तास जास्त झोपायला लागलो. मिस्त्री आला की त्याला दाखवीन, असं मला खरोखर वाटत होतं. म्हणजे मी किती गाढव होतो ते बघा.

पंधरा दिवस गेले. आधी धूर काळा यायला लागला. मग पेट्रोल लवकर संपायला लागलं. प्लग काढून बघायला हवे होते, मी काढले नाहीत. बघितले असते तर कळलं असतं, बिस्किटाचा रंग केव्हाच गेला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका पहाटे इतकं दाट धुकं पडलं की शेडमधून पाण्याची टाकी दिसेना. पहिल्यानं किक मारली, काही नाही. दुसऱ्यानं, काही नाही. मग सगळेच मारायला लागले. नऊ माणसं, नऊ गाड्या, धपाधप किका, पेट्रोलचा वास आणि एकही गाडी बोलेना. प्लग काढले तर काजळीनं काळे, पेट्रोलनं ओले. पुसले, तापवले, परत लावले. परत ओले. सहा वाजले, साडेसहा झाले. साहेब येऊन उभा राहिला. पाइपलाइनवर तीन ठिकाणी लोक निरोपाची वाट बघत बसले होते. कुणीतरी दम लागून वाळूत बसलं. साहेब काही ओरडला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, इनफ. आणि गेला.

दोन आठवड्यांत चार पिकअप आल्या. गाड्या एका भंगारवाल्या पठाणानं एकाच ट्रकमधून नेल्या. मिस्त्रीला कंपनीचं इंग्रजी पत्र गेलं, परत येण्याची गरज नाही म्हणून. ऑफिसात ते टाइप होत असताना मी तिथंच होतो, पत्ता मीच सांगितला. मला तो पाठ होता.

त्या पत्रामागून मीही एक पत्र लिहिलं. साहेबानं पिकअप घेतल्या, माझा इलाज चालला नाही, असं लिहिलं. तारेचं लिहिलं नाही. पेन दोनदा उचललं आणि दोनदा ठेवलं. पत्राला उत्तर आलं नाही. भाभींची पत्रं तर आता येणारच नव्हती, त्यांचा माणूस घरी होता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सुट्टीवर आलो आणि चार दिवसांनी बायकोला काहीतरी थाप मारून दापोलीची एस.टी. धरली. मला मिस्त्रीला तोंडानं सांगायचं होतं. वर्षभर ते गळ्यात अडकून बसलं होतं. त्यानं थोबाडीत मारली तरी चालेल, पण सांगायचं, असं ठरवून गेलो.

घर सापडायला अडचण आली नाही. अंगणात शेळी होती. भाभी दारात आल्या. बुटक्या, गोऱ्या, गुडघ्यावर हात टेकून चालणाऱ्या. मी नाव सांगितलं, तर म्हणाल्या, "अगो बाई, तुम्ही ते पत्रवाले भाऊ! या, या." आणि इतक्या खूश झाल्या की मला मान वर करता येईना.

मिस्त्री परसात होता. पाटावर बसून बोटीच्या इंजिनाचा एक भाग घासत होता. बारीक झाला होता. ओठ मात्र बरा झाला होता, गुळगुळीत. मला बघून उठला नाही. "बस," म्हणाला.

"काय करता हल्ली?"

"हर्णैला जातो. बोटींची इंजिनां." हातातला भाग त्यानं खाली ठेवला. "डिझेल. डिझेलला कार्बोरेटर नसतो. फुंकायचां काय?"

मी बसलो. आणि सांगून टाकलं. थांबलो असतो तर सांगता आलं नसतं. मिस्त्री, मी तार घातली. क्लचचा धागा. साहेबाची चूक नाही. चूक माझी.

त्यानं हात फडक्याला पुसले.

"किती गाड्यांना?"

"नऊ."

"पाच नंबरला पण?"

"हो."

त्यानं डोळे मिटले. मी वाट बघत होतो, आता उठेल, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, "घरात बोलू नकोस."

"काय?"

"तिला माहीत नाय. तिला सांगितलांय, कंपनी सोडत नव्हती, साहेब हातापाया पडत होता, मीच नको म्हटलां. खूप झाली नोकरी, आता घरी राहतो, असां." तो स्वैपाकघराच्या दाराकडे बघत होता. "दोन्ही कागद मी पोस्टातच मास्तराकडनां वाचून घेतले, तुझा तर घरात आणलाच नाय. त्या इंग्रजी कागदाचा तिला काय कळतां? म्हटलां, बोलावणां आलांय, मी जात नाय. दोन दिवस रडत होती, खुशीनं. सात वर्षां वाट बघितलीन. कधी नव्हे ती शेजारपाजारात सांगत फिरते, माझ्यासाठी सोडून आला म्हणून. आता तू येऊन सांगू नकोस, तुझा नवरा नको झाला होता म्हणून पाठवला."

मी मान हलवली. माफी मागायची राहूनच गेली. मागायला जागाच उरली नव्हती.

जेवायला वाढताना भाभी म्हणाल्या, "काय वो भाऊ, तुमचा साहेब अजून ह्यांची आठवण काढतो काय?"

मिस्त्री भाकरी मोडत होता. त्याचा हात थांबला.

"काढतो तर," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात पण विचारत होता. कधी येतोय म्हणून."

"बघा!" भाभी त्याच्याकडे बघून हसल्या. "आणि ह्यांना सांगितलां तर म्हणतात, मला नाय जायचां."

मिस्त्रीनं मोडलेली भाकरी कालवणात बुडवली. जेवण झालं. त्यानं मला पोचवायला म्हणून चपला घातल्या आणि पुढं होऊन बांधावर जाऊन उभा राहिला. मी भाभींचा निरोप घेत होतो, तेव्हा त्या एकदम जवळ आल्या आणि आवाज खाली आणून बोलायला लागल्या.

"भाऊ, एक बोलू? ह्यांना घेऊन जावा."

मी चपलेत घातलेला पाय परत बाहेर काढला.

"माझ्यासाठी राहिलेत, मला कळतां ते. पण माणूस सुकत चाललाय वो. पहाटे चारला उठून अंगणात उभा राहतो. काय बघतो, विचारलां तर सांगत नाय. हर्णैवरनां आला की जेवत नाय. मी आपली खुशीत होते, मला पयलां दिसलांच नाय. आता साहेब अजून विचारतोय म्हणताय, तर तुम्ही शब्द टाका. सांगा त्याला, बायकोची हरकत नाय म्हणून. मी राहीन. सात वर्षां राहिले, अजून राहीन. ह्यांना मी सांगितलां असां सांगू नका हां."

बांधावर मिस्त्री पाठमोरा उभा होता. मी म्हटलं, "विचारून कळवतो, भाभी." दुसरं काय म्हणणार? त्यांनी माझ्या हातात आमसुलांची पुडी दिली. "कळवा हां," म्हणाल्या, "मी वाट बघते."

स्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. गाडी लागलेली होती. मिस्त्रीनं विचारलं, "काय म्हणत होती?"

"काही नाही. आमसुलं कशी ठेवायची ते सांगत होत्या."

त्यानं मान हलवली. मी पायरीवर चढलो तेव्हा म्हणाला, "घाट्या, आता परत येऊ नकोस हां." रागानं नव्हे, दमल्यासारखं म्हणाला. "तिला तुझ्याशी बोलायला आवडतां. बोलता बोलता तुझ्या तोंडातनां निघून जाईल."

"नाही येत," मी म्हटलं.

त्यानंतर मी कतारला आणखी सहा वर्षं काढली, तीनदा सुट्टीवर आलो. दापोलीला गेलो नाही. भाभींना विचारून कळवतो म्हणालो होतो, तेही कळवलं नाही.